अस्वलं, अणुबॉम्ब आणि अण्णा

अवकाशात साम्राज्य वाढवणं सोपं; ते राखताना नाकी नऊ येतात. ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा १९९३ सालचा गेम मी अजून खेळतो. त्यात दर ग्रहाच्या कमाईचे पाच वाटे करायचे: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. एकाची पट्टी सरकवली की दुसऱ्याच्या पोटावर पाय. कारखान्यांनी केलेली घाण उपसण्याचा खर्च तर वेगळाच, आणि तो टाळला तर ग्रहावर माणसं मावेनाशी होतात.

नव्या वसाहतीत माणसं मूठभर, कारखाने नावाला. तिथे क्षेपणास्त्रांचा तळ काढावा तर कारखाने रखडतात, कारखाने काढावेत तर रात्री झोप लागत नाही. मी आधी ढाल बांधायला घेतली. पाच नंबरची ग्रहढाल प्रत्येक फटक्यातले ५ गुण गिळते. साध्या लेसरचा फटका १ ते ४ चा. म्हणजे शत्रूनं अख्खा दिवस लेसर मारले तरी ग्रहाला गुदगुल्याच! दळण आणायला बाहेर पडायच्या आत ढाल पूर्ण झाली, याचा केवढा आनंद.

मग बुलराथी आले. ही अस्वलांची जमात. त्यांनी लेसर घरीच ठेवले होते. आणले ते अणुबॉम्ब, फटका ३ ते १२. ढालीनं टीडीएससारखे आपले ५ कापून घेतले आणि उरलेली रक्कम थेट माझ्या तळावर जमा झाली.

त्या धसक्यानं मी सीमेवरचे सगळे ग्रह तळांनी मढवून टाकले. खजिन्यात खडखडाट, संशोधन ठप्प, पण सीमा कशी भक्कम! नेमके त्याच वेळी सासरे चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. अण्णा कसब्यातले.

“जावईबापू, मागच्या बाजूला काय बांधलंय?”

“तिथे कोण येतंय, अण्णा?”

“शाहिस्तेखानही असंच म्हणाला असेल. १६६३ साल. पुण्यात एवढी फौज घेऊन बसला होता. लाल महालात महाराज शिरले ते शिरलेच. बोटं गेली खानाची.”

“अहो, हा गेम आहे.”

“बोटं जपा,” एवढं बोलून ते माझ्याच खुर्चीच्या हातावर टेकले.

पुढच्याच खेपेला अस्वलांच्या सैन्याची जहाजं मागच्या ग्रहावर उतरली. तळच नाही, तर वाटेत पाडणार कोण? जमिनीवरच्या लढाईत ही जमात सगळ्यांत दांडगी. ग्रह गेला, कारखाने चालू अवस्थेत गेले आणि कारखान्यांबरोबर माझं तंत्रज्ञानही गेलं. सीमेवरची क्षेपणास्त्रं जागच्या जागी चकचकीत. एक उडालं असेल तर शपथ.

वर आकाशगंगेच्या परिषदेची बैठक लागली. दोन तृतीयांश मतं मिळवील तो सम्राट, आणि उमेदवार कोण, तर अस्वलांचा राजा! मी तावातावानं विरोधी मत टाकायला निघालो, तर अण्णांनी मनगट धरलं.

“तटस्थ राहा. विरोध केलात तर अस्वलं चिडतील, पाठिंबा दिलात तर खेळ संपेल. मी सोसायटीचा चेअरमन वीस वर्षं काय उगाच होतो?”