पोचा दाराला, सुतक बॅटरीला

आज २६ वा दिवस. माझी इलेक्ट्रिक गाडी अजून वर्कशॉपमध्येच.

सकाळी न सांगता जाऊन थडकलो. माझी गाडी मागच्या भिंतीला, कडुनिंबाखाली उभी. वायपरमध्ये पाला अडकलेला, काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'धुवा' लिहून ठेवलंय. रिमोट दाबला तर दार उघडेना. तिथला पोरगा म्हणतो, "सर, बारा व्होल्टची बॅटरी उतरलीय." म्हणजे पोटात एवढी दांडगी बॅटरी, ती पाऊण भरलेली, आणि बॉनेटखालच्या चिमुकलीने मान टाकली म्हणून गाडी मेली! बरं, धक्का मारून चालू करायचीही सोय नाही.

झालं होतं एवढंच की सोसायटीत पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता. (सिंहगड रोडला राहतो, टँकर का येतो विचारू नका.) डावीकडचं मागचं दार आणि त्याखालचा रनिंग बोर्ड (दाराखालची बॉडीची आडवी पट्टी) आत गेला. ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, पाचशे घ्या अन् मिटवा." तेव्हा मला हसू आलं होतं.

मग एस्टिमेट आलं. १,६४,००० रुपये. दार नवीन, रनिंग बोर्ड कापून नवीन, रंग, आणि मध्येच एक ओळ: बॅटरी काढणे-बसवणे. अहो, लागलंय दाराला!

बाबांची फियाट होती. १९८९ साली स्वारगेटला टेम्पोने तिला अगदी अशीच, याच बाजूला ठोकर दिली. बाबा मला घेऊन नाना पेठेत चाचांकडे गेले. चाचांनी दाराचं आतलं कव्हर उतरवलं, आतून लोखंडी ठोकळा लावला आणि बाहेरून हातोडीने टकटक सुरू. जोरात नाही, दारावर पाहुणा आल्यासारखी. मधेच थांबायचे, तळव्याखाली फडकं धरायचे, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायचे. "इधर अभी पेट है," म्हणायचे, की परत टकटक. मला तर काहीच दिसायचं नाही. बाबा ऑइलच्या डब्यावर बसून चहा पीत होते. संध्याकाळी त्याच गाडीतून घरी आलो, रंग पुढच्या आठवड्यात मारला.

मान्य आहे, फियाटच्या पोटात ३०० व्होल्ट नव्हते. रनिंग बोर्डला लागूनच बॅटरीचा पेटारा असतो, तिथे वेल्डिंगची ठिणगी आणि आच परवडत नाही. रंगाच्या भट्टीतसुद्धा तापमान सांभाळावं लागतं. मोठ्या बॅटरीच्या त्या नारिंगी वायरींना उगाच कुणी हात लावू नये, हेही कळतं मला. पण दाराचं काय? दाराचा पत्रा पत्राच आहे ना? त्याला काय करंट येतो? तोही 'पॉलिसीप्रमाणे' बदलायचाच. ठोकायचा नाही. ठोकणारा माणूसच ठेवलेला नाही तिथे, हे खरं कारण, पण ते कोण सांगणार.

इन्शुरन्सची तर वेगळीच तऱ्हा. सर्व्हेअर सहाव्या दिवशी आले, चार फोटो काढले आणि म्हणाले, "बॅटरीला मार बसलाय का, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." वर्कशॉप म्हणतं, मंजुरी आल्याशिवाय उघडणार नाही. इन्शुरन्सवाले म्हणतात, उघडल्याशिवाय मंजुरी नाही. नऊ दिवस मी या दोघांमध्ये लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा फिरत होतो. आता मंजुरी आहे, तर रनिंग बोर्डचा पार्ट नाही. "झिरो डेप आहे ना सर, तुमचं काय जातंय?" असं ती काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली. (झिरो डेप म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी पॉलिसी.) तीन वर्षं क्लेम न करता जमवलेला ३५ टक्के बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातोय, बाई. आणि २६ दिवस रिक्षाने फिरतोय, ते कोणत्या डेपमध्ये बसतं?

सरकारने कौतुक केलं आमचं. हिरवी नंबर प्लेट दिली, टॅक्स माफ केला, २०२५ च्या धोरणात एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूला टोलमाफी जाहीर केली. छान. गाडी रस्त्यावर असेल तर टोलचा प्रश्न.

खरं सांगायचं तर मी आधी चाचांच्याच गॅरेजला गेलो होतो. चाचा गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. मला वाटलं, चुटकीसरशी करून देईल आणि मी इथे येऊन मोठ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून पोस्ट टाकेन. त्याने खिशातून फडकं काढलं, डोळे मिटले, दारावरून हात फिरवला. तस्सा! माझ्या घशात आलं काहीतरी. म्हणाला, "काका, दार काढून देतो, उद्या संध्याकाळी न्या. रंगही जुळवतो. पण खालच्याला मी हात नाही घालणार. मला माहीत नाही तिथे काय आहे, आणि शिकवायलाही कुणी तयार नाही."

तेव्हा मी त्याच्यावरच वैतागलो होतो, घाबरतो म्हणून. घरी येईपर्यंत राग उतरला. निदान 'माहीत नाही' म्हणाला. २६ दिवसांत हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

परवा त्याचाच फोन आला. "काका, बॅटरी उतरवतील तेव्हा मला बघायला मिळेल का? लांब उभा राहीन, हात लावणार नाही." पंचेचाळिशीचा माणूस, एक दिवस गॅरेज बंद ठेवून यायला तयार.

आज सकाळी वर्कशॉपमध्ये विचारलं. उत्तर आलं, "सर, बाहेरच्या मेकॅनिकला आत घेता येत नाही."

म्हटलं, मग मी येतो. गाडी माझी आहे.

"या ना सर. कस्टमर लाउंजमध्ये बसा. एसी आहे, कॉफी फ्री आहे."

म्हटलं, तिथून गाडी दिसते का?

"नाही सर, पण टीव्ही आहे."