माणसाची चिंता, माशीवर बंदी

तर समजा तुम्ही परराष्ट्रमंत्री आहात (आमच्या वाडीत चहाच्या टपरीवर रोज सहा-सात असतात, फक्त शपथविधी तेवढा राहिलाय) आणि शेजारच्या देशात लष्कराने निवडून आलेलं सरकार रातोरात उचलून आत टाकलं, तर काय करायचं? काय नाय, चिंता व्यक्त करायची. माणसं मेली की तीव्र चिंता. आणि सोबत 'परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत', हे आमच्या काकांच्या 'गडग्याचं (म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाचं) गणपतीत बसून बोलू' सारखं, बावीस गणपती झाले, गडगा तिथेच.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये हेच झालं, आपण तीव्र चिंता केली, लक्षही ठेवलं आणि जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला तेव्हा ११९ देश बाजूने, विरोधात एकटा बेलारूस आणि आपण ३६ तटस्थांत. रत्नागिरीकरांनो, त्याच म्यानमारचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये इथेच इंग्रजांच्या नजरकैदेत वारला, त्याच्या राजवाड्यापुढे सेल्फी काढताना एवढं आठवा म्हणजे झालं.

जास्त कडक बोलून बसू नका हां. २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार खशोगींचा खून झाला, पुढे प्रचारात बायडन म्हणाले सौदीला वाळीत टाकू. (आमच्याकडे वाळीत टाकणं २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, बहुतेक कोणीतरी कानात सांगितलं असणार.) जुलै २०२२ मध्ये तेल महागलेलं, साहेब जेद्दाला जाऊन युवराजांच्या मुठीला मूठ लावून आले.

मग खरी कारवाई करायची तरी कुणावर? माशीवर! २०१४ मध्ये युरोपला गेलेल्या आपल्या मालात फळमाशी सापडली, म्हणजे ती कोयीजवळ वळवळणारी पांढरी अळी हो, आंबा बाहेरून अगदी देखणा असतो, आणि १ मेपासून, ऐन सीझनला, हापूससकट सगळ्या आंब्यावर बंदी. चिंता नाय, तटस्थ नाय, 'हा आंब्याचा अंतर्गत प्रश्न' वगैरे कोण बोलला नाय, थेट दार बंद. उघडलं जानेवारी २०१५ मध्ये, आपण पॅकहाऊसमधली तपासणी सुधारल्यावर.

म्हणून तुमचा कोणी पत्रकार कुठल्या देशात आत पडला असेल तर निवेदनं देत फिरू नका. तिथून युरोपला जाणाऱ्या पेटीत पेंढ्याखाली त्याची चिठ्ठी ठेवा आणि वर एक अळी सोडा. चिठ्ठी कोण वाचणार नाय, पण पेटी नक्की उघडतील.