देवाला न चालणारी फुलं

मला बागेत जाऊन फूल बघायचं होतं. तोडायचं नव्हतं, नुसतं बघायचं. मुंबईत ही मागणी फाजील ठरते.

घराजवळची बाग जेमतेम चार गुंठ्यांची. आत शिरताच 'फुले तोडू नयेत' ही पाटी. पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवून एक काका टगर खुडत होते. मी पाटीकडे बोट दाखवलं. "ती पोरांसाठी आहे. ही देवासाठी आहेत," काका म्हणाले. आता देवाशी कोण भांडणार?

पुढे कळलं, इथे वार पाळतात. सोमवारी महादेवापायी पांढरं काही उरत नाही. मंगळवारी गणपती तांबडी जास्वंद नेतो. गुरुवारी दत्तासाठी बिट्टीचं झाड ओरबाडून नुसतं हिरवं होतं. म्हणून बुधवारी गेलो, तर नेमकी चतुर्थी!

जास्वंद उमलते पहाटे आणि खुडलीही जाते पहाटेच. तेव्हा आदल्या संध्याकाळी निदान कळ्या तरी गाठाव्यात म्हटलं. तिथे एक काकू आधीच हजर. "ओल्या फडक्यात ठेवायच्या, सकाळी घरीच फुलतात," त्यांनी आपणहून सांगितलं. मी पिशवी आणली नाही याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं. गुलबक्षी त्यातल्या त्यात हुशार, उन्हं कलल्यावर उमलते. पण तिच्या वाफ्यात त्या वेळी पोरांचा विकेटकीपर उभा असतो. दुपारी जावं तर फाटकाला कुलूप, आणि आत बाकावर रखवालदार आडवा.

शेवटी एका सकाळी मागच्या कुंपणावर बोगनवेल दिसली. राणी रंगाची, भरगच्च, कुणी बोटही न लावलेली. पूजेत चालत नाही ना! मी डोळे भरून बघत राहिलो.

"काय बघताय?" बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर निघाले.

"फुलं."

"छे! ती छदं. रंगीत पानंच म्हणा. वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, नाव एका फ्रेंच दर्यावर्द्याचं. फूल म्हणजे मधला तो पांढरा ठिपका."

चष्मा पुसून, नाक वेलीला लावून मी तो ठिपका शोधला. चांगलं नाजूक, नळीसारखं फूल होतं. तेवढ्यात पाठीमागे प्लॅस्टिकची पिशवी सळसळली.

"पांढरं म्हणालात का हो?"

वार सोमवार होता.