नानबाईंची गल्ली आणि पाणी

लेहमध्ये एकटीने काढलेल्या महिन्याबद्दलचा हा लेख वाचला आणि जामा मशिदीमागची नानबाईंची, म्हणजे रोटी भाजणाऱ्यांची, गल्ली डोळ्यांसमोर उभी राहिली. मीही तिथे दोन आठवडे एकटाच होतो. उंची ३५०० मीटर, जिना चढतानाही धाप लागायची, म्हणून पहिले दोन दिवस फिरणं त्या गल्लीपुरतंच. भट्टीच्या आतल्या भिंतीला थापलेली रोटी आकड्याने ओढून काढतात आणि तशीच कागदात गुंडाळून हातात देतात. बोटं भाजायची, पण सोडवत नसे.

पाण्याचा विषय मात्र तुम्ही एका ओळीत उरकलात, त्याचं वाईट वाटलं. तिथे पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास, बाकी सगळी भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. जुन्या घरांत म्हणूनच कोरडे संडास असतात. वर माती टाकायची, पुढे त्याचंच शेताला खत. मी राहायचो त्या घरच्या आमा-ले (लडाखीत आईला आदराने असं म्हणतात) भाजी धुतलेलं पाणी जर्दाळूच्या बुंध्याशी ओतायच्या, तेही हळूहळू, मुरेल तसं. ते बघितल्यावर मी बादलीभर अंघोळ अर्ध्या बादलीवर आणली.

हिवाळ्यात नळ गोठतात तेव्हाचं लेह तुम्ही पाहिलं असेल तर त्यावर जरूर लिहा. वाट बघतोय. जुले, म्हणजे लडाखी नमस्कार!