अर्धी गोळी

सकाळपासून डोकं सणकलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. ज्यांचे पोहे भिजत पडलेत त्यांनी आधी ते परतून या.

आमच्या सासरच्या ग्रुपवर ('गोतावळा', मंडळी ४३, त्यातली बोलणारी सहा) आज सव्वासातला वन्संनी एक फॉरवर्ड टाकलं. वर गुलाब, खाली जोडलेले हात. मजकूर साधारण असा: कुत्र्या-मांजराला ताप आला तर डॉक्टरकडे पळू नका, ते लुटतात. आपल्या घरातली तापाची (म्हणजे पॅरासिटामॉलची) अर्धी गोळी दुधातून द्या, दोन तासांत जनावर उड्या मारायला लागतं. डोक्यावर ती दोन बाणांची खूण, म्हणजे मेसेज दहा ठिकाणी उष्टावून आमच्याकडे आलेला. नऊपर्यंत अकरा अंगठे. जाऊबाईंनी वर लिहिलंय, 'छान माहिती, सेव्ह केली.'

उड्या मारायला लागतं म्हणे!

तुमच्यापैकी बहुतेकांना आमचे तात्या माहीत आहेत. पिवळा बोका, साडेचार किलो, चेहऱ्यावर निवृत्त मामलेदाराचा भाव. बसायची जागा वाय-फायच्या डबीवर, कारण ती गरम असते. गेल्या श्रावणात एका रविवारी तात्या जेवले नाहीत. कान तापलेले, पलंगाखाली कोपऱ्यात जाऊन बसलेले, हाक मारली तरी शेपूट हलवेनात. आणि त्यांना हीच अर्धी गोळी दिली गेली. पाचशेची अर्धी, दुधातून, संध्याकाळी सहाला.

साडेआठला तोंड सुजलं. गांधीलमाशी चावल्यावर पोराचं सुजतं तसं. मग पुढचे दोन्ही पंजे. श्वास नुसता पोटातून चाललेला. साताऱ्यात आम्हाला ठाऊक असलेले प्राण्यांचे डॉक्टर दोन, रविवार म्हणून दोघांचेही फोन बंद. शेवटी दूधवाल्याच्या ओळखीनं गुरांचे एक डॉक्टर फोनवर सापडले. कुठल्यातरी गोठ्यात होते, मागे म्हैस रेकत होती. म्हणाले, "ताई, ओठ वर करा आणि हिरड्यांचा रंग सांगा." मी मोबाईलची बॅटरी लावली. एरवी गुलाबी असतात हो, दुधाच्या दातांमागे बाळाच्या असतात तशा. त्या दिवशी पानावर लावायला कालवलेल्या काताचा रंग होता.

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "काही गोळी दिलीत का?"

ते नंतर सांगते.

आधी एक स्पष्ट करते, कारण आत्ता कमेंटमध्ये 'आमच्या आजीच्या बटव्याला नावं ठेवू नका' सुरू होईल. मीही बटव्यातच वाढलेय. माझी आजी वाईची. पडशाला सुंठ-गुळाची गोळी, पोट दुखलं की ओवा, पोटच फुगलं तर बेंबीवर हिंगाचं पाणी. तान्ह्या बाळाची गुटी सहाणेवर उगाळताना वेखंडाचे किती वळसे आणि हरड्याचे किती, हे तिच्या मनगटाला पाठ होतं. हळदीनं जखम भरते हे आपल्याला कुणी अमेरिकेनं शिकवायला नको. त्यांनी १९९५ साली त्याचं पेटंट देऊन टाकलं होतं आणि शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं आपले जुने ग्रंथ पुढे टाकून १९९७ साली ते रद्द करून घेतलं, तेव्हा आमच्या घरी आजीनं 'मग, मी काय सांगत होते' असं म्हणून साखर वाटली होती. तेव्हा त्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

पण आजी औषध देऊन उठून जायची नाही. मुद्दा एवढाच आहे. ती आधी जीभ बाहेर काढायला लावायची, पापणी खाली ओढून बघायची, पोटावर बोटं वाजवायची, 'काल संध्याकाळी कुणाकडे काय खाल्लंस' याची झडती घ्यायची. मग चाटण. आणि मग रात्रभर उशाशी. मध्येच जाग आली की अंधारात तिचा हात कपाळावर असायचा आणि बांगडी गार लागायची. उतार नाही पडला तर सकाळी पहिल्या एसटीनं दवाखान्यात. (तिनं माझ्या कानात लसणीचं कढत तेलही घातलंय आणि डाव्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. ते सोडा.)

या फॉरवर्डवाल्याचा हात कुणाच्या कपाळावर आहे? त्याला मांजर दिसलंय का? मांजराचं वजन किती, वय किती, ताप कशानं आला, काही विचारलंय? सांगून मोकळा. आणि हे एकच नाही. कुत्र्याला अशक्तपणा आला तर कांदा-लसणाचा रस्सा पाजा असंही फिरत असतं. अरे, कांद्यानं त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, रस्सा कसला पाजताय! कुत्रा चावला तर जखमेवर मिरची भरा. हे मी अजून ऐकते, २१व्या शतकात. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजची लस घ्यायला पळा, एवढं साधं असताना.

आमच्या तात्यांना ताप कशानं आला होता माहितीये? शेपटीच्या बुडाशी गळू होतं. मागच्या आळीतल्या काळ्या बोक्याशी मारामारी झाली होती, त्यानं चावलं होतं, वरची जखम मिटली आणि आत पू धरला. पाठीवरून शेपटीपर्यंत एकदा हात फिरवला असता तर बोटाला लागलं असतं. माझ्या आजीला मांजरं आवडायची नाहीत, पण तिनं तो हात फिरवला असता.

असो. पाणी पिऊन आले.

आता जरा शांत झाल्यावर वन्संबद्दलही लिहायला हवं, नाहीतर मला झोप लागायची नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो हे फॉरवर्डही आम्हाला त्यांनीच पाठवलं होतं. नुसतं पाठवलं नाही, जुन्या धोतराचे तुकडे करून नऊ पुरचुंड्या शिवून वाटल्या. त्यानं ऑक्सिजन काडीचा वाढत नाही. मी तेव्हाही बोलले होते. पण आम्ही चौघं आजारी होतो तेव्हा चौदा दिवस दोन्ही वेळचा डबा दाराच्या कडीला याच बाईनं अडकवला होता, स्वतःला दमा असताना. भाकरी पंच्यात गुंडाळलेली असायची, गरम राहावी म्हणून. त्यांना कुणाचं वाईट करायचं नाही. त्यांना काहीतरी द्यायचं असतं. पूर्वी लाडू द्यायच्या, आता गुडघे दुखतात म्हणून मेसेज देतात.

आणि आता ते राहिलेलं.

वर मी 'गोळी दिली गेली' असं लिहिलंय. गोळी मी दिली होती. पलंगावर बसून फोनमध्ये 'मांजराला ताप घरगुती उपाय' असं टाकलं, एका व्हिडिओत एक हसरा मुलगा तीन मिनिटांत सांगून गेला आणि मी विळीवर गोळी अर्धी केली. मी, जी नवऱ्याच्या प्रत्येक गोळीची तारीख चष्मा लावून वाचते. दूध तात्यांनी हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा मी मानगूट धरून चमच्यानं आत ओतलं. त्यांना नको होतं, हे मला विसरता येत नाही.

आणि डॉक्टरांनी फोनवर विचारलं, 'काही गोळी दिलीत का?' तेव्हा मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले ते मला विचारू नका. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, मुलगा रडत होता. लाज वाटली. ते म्हणाले, "मग साप वगैरे चावलाय का बघा," आणि आम्ही दहा मिनिटं तात्यांच्या अंगावर सापाचे दात शोधत बसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं, फोन केला आणि खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, मांजराला ती गोळी पचतच नाही. आपलं यकृत मोडून टाकतं, त्याच्या यकृतात ती सोयच धड नाही. रक्त नासतं, मग त्यात प्राणवायू धरत नाही. पुण्याला निघा, थांबू नका."

भाजीच्या क्रेटमध्ये टॉवेल, वर माझी ओढणी बांधलेली. पाऊस. खंबाटकीच्या बोगद्यातल्या पिवळ्या उजेडात मी ओढणीतून बोट घालून पोट हलतंय का बघत होते. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर, मला ते अमेरिकेइतकं वाटलं. तिथं रात्री उघडा असलेला दवाखाना फोननंच शोधून दिला, वाटही त्यानंच दाखवली. हो, तेही खरंच आहे, नाही म्हणत नाही. माणसांनी या गोळ्या जास्त खाल्ल्या तर जे ॲसिटिलसिस्टीन देतात तेच तात्यांना शिरेतून चालू केलं. तीन दिवस ठेवून घेतलं, गळूही फोडलं. बिल किती झालं ते लिहीत नाही, घरातले माझ्या पोस्टी वाचतात. 'डॉक्टर लुटतात' या ओळीपाशी माझा नवराही मघाशी हुं म्हणाला.

वन्संना यातलं गोळीचं काही माहीत नाही. त्यांना आम्ही 'विषबाधा झाली' एवढंच सांगितलं होतं. कुणी दिलं, काय दिलं, त्यांनी विचारलं आणि मी उंदराच्या औषधावर ढकललं. म्हणजे आज सकाळी त्यांनी जे पाठवलं, ते न पाठवण्याचं कारण त्यांच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं, वर्षभर.

एवढं टाईप केलं आणि मग लाज वाटून पोस्ट टाकायच्या आधी त्यांनाच फोन लावला. सगळं सांगितलं. विळीसकट. बराच वेळ पलीकडून नुसता कुकरचा आवाज. मग म्हणाल्या, "अगं बाई, आणि मी चौघांना वेगळं पण पाठवलं गं." आवाज रडवेला झाला होता. मला मघाशी केवढा राग आला होता, तो कुठे गेला कळेना. म्हटलं, आधी ग्रुपवरचं काढा, मग त्या चौघांना फोन करू. म्हणाल्या, "थांब, काढते... हां, गेलं बघ."

त्यांच्या फोनमधून गेलं. 'डिलीट फॉर मी' दाबलंय. आमच्या ४२ जणांच्या फोनमध्ये गुलाबासकट जसंच्या तसं आहे. आता ते फक्त ॲडमिनला काढता येतं, आणि ॲडमिन आमचे धाकटे भाऊजी, न्यू जर्सीत. तिथे आत्ता रात्रीचे दीड वाजलेत. दोनदा फोन केला, उचलत नाहीत. खाली मी मोठ्या अक्षरात 'देऊ नका, मांजर मरतं, मी दिली होती' असं लिहिलंय. त्याला आत्तापर्यंत दोन अंगठे, एक वन्संचा आणि एक माझ्या मुलाचा.

वरच्या मेसेजला पंधरा झालेत. तात्या वाय-फायवर चढून बसलेत, त्यामुळे हे पोस्ट होतंय की नाही तेही दिसत नाहीये.