निर्व्यसनी माणसाचं लिव्हर आणि नाशिकची हवा

फॅटी लिव्हरचा रिपोर्ट आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "घेतो का?" दुसरा, "बाहेरचं खातो का?" तो माणूस रोज दहा-बारा तास कुठल्या हवेत उभा असतो, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं. घरच्यांनीही आणि डॉक्टरांनीही.

माझे एक चुलत काका माळकरी आहेत. दर पौषात दिंडीबरोबर त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला जातात. द्वारका चौकाजवळ त्यांची टपरी आहे. सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, आणि नात्यात कुजबुज सुरू झाली, की माळ घालून गुपचूप घेत असणार. काकूंना हे फार लागलं. त्या टपरीवरच्या बरण्यांची झाकणं दुपारपर्यंत काळवंडतात. पुसली की फडक्याला नुसती माती लागत नाही, तेलकट काजळी लागते. काकांचा आजार हवेमुळेच झाला असं मी म्हणत नाही. त्यांची साखर काठावर आहे, पोट सुटलंय. पण दोष द्यायचाच तर त्या काजळीचाही हिशेब करा ना!

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत सूक्ष्म रक्तातही उतरतात. आणि रक्त गाळायला लिव्हर बसलेलंच आहे. तिथल्या कुफर पेशी अशा परक्या कणांना पकडतात, पण त्यात दाह सुरू होतो. तो वर्षानुवर्षं चालू राहिला की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि लिव्हरमध्ये चरबी साठू लागते. नैर्ऋत्य चीनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या अभ्यासात, जास्त प्रदूषित हवेत दीर्घकाळ राहणाऱ्यांमध्ये फॅटी लिव्हरचं प्रमाण जास्त आढळलं. दारू, सिगारेट, तेलकट खाणं आणि सुटलेलं पोट असणाऱ्यांत हा संबंध आणखी ठळक होता. ब्रिटनमधल्या अभ्यासांतही असाच कल दिसला. एवढ्यावरून हवाच कारण आहे असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण म्हणून पुराव्याची वाट बघत सगळ्यांनी धूर गिळत बसायचं का?

'नाशिकची हवा छान' हे ऐकतच आपण मोठे झालो. तेच नाशिक २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांत. आपला निकषही किती सैल! पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्याकडे चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे, की या कार्यक्रमात शहरांचं मोजमाप होतं ते प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे तुलनेने जाड धुळीवर. मग रस्त्यावर पाणी मारलं, झाडलोट केली की आकडा खाली येतो. पण बारीक कणांचा मोठा वाटा जळण्यातून येतो: डिझेल, कोळसा, वीटभट्ट्या, पेटवलेला कचरा. टँकरने ते धुतले जात नाहीत. हिवाळ्यात तर पहाटे हवा जमिनीलगत कोंडते आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात तो जळका वास खिडकीतून घरात शिरतो.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात सुरू आहेत. रस्ते व्हायलाच हवेत, त्याला विरोध नाही. पण डंपरवर ताडपत्री, जुन्या डिझेल गाड्यांची खरी पीयूसी आणि राडारोडा उघड्यावर न टाकणं, एवढं कंत्राटात लिहून घ्या आणि न पाळणाऱ्याचं बिल अडवा. पीएम २.५ चा रोजचा आकडा चौकाचौकांत लावा. आणि ज्यांचं पोट रस्त्यावरच चालतं, ते रिक्षावाले, टपरीवाले, ट्रॅफिक पोलीस, सफाई कामगार, त्यांची लिव्हरची तपासणी महापालिकेने वर्षातून एकदा मोफत करावी. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला या आठवड्यात फोन करून एवढं विचारा, की कचरा पेटवणाऱ्याला आजवर दंड झालाय का. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.