लॅपटॉपची गावपळण

आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस नि तीन रात्री झोपड्या बांधून राहतो आणि पुन्हा कौल घेऊन परततो. माझ्या नव्या लॅपटॉपने मात्र कौलाची वाट पाहिली नाही. गावात असला की मरायचा, वेशीबाहेर गेला की टुणटुणीत.

आंब्याच्या ऑर्डरींचा हिशेब वहीत ठेवायचा नाही, असं ठरवून मी तो एप्रिलात घेतला. पहिल्याच दुपारी तेविसाव्या गिऱ्हाईकाचं नाव टाइप करताना पडदा निळा झाला. त्यावर आडवा पडलेला दुर्मुखलेला चेहरा आणि खाली टक्केवारी. शंभर टक्के झाल्यावर काहीतरी चांगलं होईल म्हणून मी श्रद्धेने बघत बसलो. शंभर झाले, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि बावीस गिऱ्हाईकं गेली. सेव्ह केलं नव्हतं.

19 जुलै 2024 ला एका सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे 85 लाख कंप्युटर असेच निळे पडले होते, विमानं जागच्या जागी उभी राहिली होती. तेव्हा टीव्हीसमोर तळलेले गरे खात मी हसलो होतो. ते अंगाशी आलं म्हणायचं.

त्यानंतर रोज दुपारी दोन-तीनदा व्हायला लागलं. आतून आई विचारायची, "परत मेलो?" आणि मी "हो" म्हणायचो. संध्याकाळी वारं सुटलं की तो जरा बरा असायचा, पण याचा अर्थ तेव्हा कळला असता तर हा लेख झाला नसता.

कस्टमर केअरच्या बाईंनी ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचे भाग चालवणारे प्रोग्राम, अपडेट करायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "गाडी नाय, गॅरेज नाय, ड्रायवर कित्याक होयो?" अपडेट केले. मग सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला लावलं, तेही केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा निळा.

पुण्याच्या भाच्याने फोनवरून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घटनांची नोंदवही, उघडायला लावलं. तिथे लाल खुणेसमोर लिहिलेलं, कर्नल-पॉवर 41. भाच्याने अर्थ सांगितला: कंप्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. म्हणजे पंचनाम्यात 'मयताचा मृत्यू झाल्याचे आढळले' एवढंच. मग त्याने निळ्या पडद्यावरचे कोड लिहून ठेवायला सांगितले. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आयआरक्यूएलचं काहीतरी. हे कोड मी शेवटी त्याच आंब्याच्या वहीत लिहिले. "मामा, दरवेळी वेगळा कोड म्हणजे रॅमवर संशय," तो म्हणाला. रॅम म्हणजे कंप्युटरची काम करतानाची मेमरी. मेमरीची चाचणी लावली आणि ती चक्क म्हणाली की हार्डवेअरमध्ये दोष आहे. आजाराचं निदान झाल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी एकटाच असेन.

लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीने कुडाळ गाठलं. सर्व्हिस सेंटरच्या गारेगार एसीत मुलाने तीच चाचणी लावली. पास. दोन तास गाणी लावली, व्हिडिओ लावले, काही नाही. दवाखान्याची पायरी चढताच पोराचा ताप उतरावा तसं. "काका, मशिनीक काय्येक झालेला नाय. घरी तुम्ही काय करतास ह्येच्यार?" त्याने 'काय करतास' ज्या सुरात विचारलं, त्यावर बायकोने मान दुसरीकडे वळवली.

घरी आलो, जेवून लॅपटॉप उघडला. निळा. दुसऱ्या खेपेला मोबाइलवर काढलेले नऊ फोटो दाखवले. "फोटो बरे आसत," म्हणाला. लॅपटॉप पुन्हा पास. तोवर आईने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. त्यात लॅपटॉपला 'ह्यो डबो' म्हटल्याचं मला बायकोकडून कळलं.

तिसऱ्या खेपेला वेगळा मुलगा होता. त्याने आधी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही, मला विचारलं, "घरी पंखो की एसी?" मी म्हटलं, पंखा, तोही लाईट असली तर. तो उठला, लॅपटॉप बाहेर नेला आणि मे महिन्याच्या बारा वाजताच्या उन्हात कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर चालू करून ठेवला. आम्ही दोघं सावलीत उभे राहिलो. अकरा मिनिटांनी निळा पडदा! मी टाळी वाजवली. समोरचा चहावाला काय झालं म्हणून बघायला आला.

आत आणून त्याने खालचं झाकण उघडलं. रॅमची हिरवी पट्टी एका बाजूने जेमतेम नखभर वर होती. खाचेत पूर्ण बसलीच नव्हती. गार असताना कशीबशी टेकायची आणि तापली की टेकणं सुटायचं. त्याने ती काढली, ड्रॉवरमधून शाळेतला पांढरा खोडरबर काढला आणि पट्टीची सोनेरी बोटं एकेक करून घासली. मळ झटकला, पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवली, वरून दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'कट' करून बसल्या. पुन्हा स्कूटर, पुन्हा ऊन. पाऊण तास झाला तरी चेहरा पडला नाही; तोवर स्कूटरचा मालक आला आणि त्याचा पडला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय औषध दिल्यान?"

"खोडरबर."

आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्येच्यासाठी तीन येळा कुडाळाक गेलंस? तो नाक्यार पाच रुपयाक गावता."